दिव्यांग सहभागींसोबत गडभटकंती: आयोजकांना वारंवार पडणारे प्रश्न

ट्रेकिंग संस्था, महाविद्यालयांचे गिर्यारोहण गट आणि घरच्या घरी सहल ठरवणारी मंडळी यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. भर सह्याद्रीतल्या गडांवर आणि पठारांवर आहे. पाणी आणि सायकल यांचा विचार शेवटाकडे, थोडक्यात.

आधी गड ठरवायचा की आधी माणसं?

आधी माणसं. गड आधी ठरला की मग त्या गडावर 'बसणारी' माणसं शोधली जातात आणि बाकीच्यांना पायथ्याशी खुर्ची टाकून बसवलं जातं. नावं आल्यावर प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोला आणि मग वाट निवडा.

फोनवर नेमकं काय विचारायचं?

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी विचारून हाती काही लागत नाही. ६० टक्के लिहिलेली एक व्यक्ती कुबड्यांवर दोन मजले चढते, दुसरीला उंबरा ओलांडताना हात लागतो. रोजच्या हालचालींबद्दल विचारा. न थांबता किती जिने चढता? जमिनीवर बसल्यावर स्वतः उठता येतं का? खुर्चीतून गाडीच्या सीटवर कसं जाता, एकट्यानं की मदतीनं? शरीराच्या कुठल्या भागाला गरम-गार, टोचणं कळत नाही? लघवीला साधारण किती वेळानं जावं लागतं आणि कशी सोय लागते? झटका येतो का, शेवटचा कधी आला? औषधं कोणत्या वेळेला? मदत हवी असेल तर कुठे धरलेलं चालतं?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि गडावर पहिली चूक तिथेच होते. ज्याच्या खांद्यात वेदना आहेत त्याला दंडाला धरून ओढलं जातं.

डॉक्टरांचं पत्र घ्यावं का?

मणक्याची दुखापत, हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास, अपस्मार, वर्षभरात झालेली शस्त्रक्रिया असेल तर घ्या. पण 'ट्रेकला हरकत नाही' एवढंच लिहून आणू नका. डॉक्टरांना वाटेची लांबी, चढ, अपेक्षित तापमान आणि जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे ते लिहून द्या. त्यावर त्यांचं मत मागा. जन्मतः दृष्टी नसलेल्या धडधाकट तरुणाकडून वैद्यकीय पत्र मागायचं कारण नाही. इतर सहभागींकडून जेवढं घेता तेवढंच घ्या.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी कोणते गड जमतात?

गाडीरस्ता वर जातो असे गड पहिल्या सहलीसाठी धरा. पन्हाळा त्यात सर्वांत सोयीचा. गडावरच वस्ती आहे, वर डांबरी रस्ते आहेत, खायला-राहायला मिळतं आणि तीन दरवाजा, अंबरखाना, पुसाटी बुरूज ही ठिकाणं गाडीनं एकमेकांपासून मिनिटांच्या अंतरावर आहेत. अंबरखान्याच्या भव्य कोठारांजवळ चाकं नेता येतात; सज्जा कोठीच्या वरच्या मजल्यावर जायला मात्र जिनाच आहे, ते आधीच सांगून ठेवा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, त्यामुळे सुट्ट्यांना गर्दी असते. मंगळवार-बुधवार बघा.

सिंहगडावर वाहनतळापर्यंत गाडी जाते, पण पुढे पुणे दरवाज्याकडे दगडी चढण आणि पायऱ्या आहेत. शनिवार-रविवारी घाटात वाहनांची रांग लागते आणि गाडीत दोन-दोन तास बसणं मणक्याची दुखापत असलेल्याला महागात पडतं.

रायगडावर हिरकणीवाडीहून रोपवे आहे. पायथ्यापासूनच्या दीड हजारांच्या आसपास पायऱ्या त्यानं वाचतात, पण 'रोपवे आहे म्हणजे झालं' असं समजू नका. वरच्या स्थानकापासून मेणा दरवाज्याकडे पुन्हा पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे खुर्ची उचलणारी माणसं हवीत. जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत जायचं तर गडाच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगाला जायची तयारी हवी. डब्याच्या दारातून तुमची खुर्ची उघडी जाते की घडी करावी लागते, ते रोपवेवाल्यांना खुर्चीची रुंदी सांगून आधी विचारा. वारा वाढला की रोपवे थांबतो, म्हणून दुपारचं परतीचं तिकीट फार उशिराचं नको.

वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून वर ओढली जाणारी गाडी, आहे. पाचगणीचं टेबललँड हा गड नसला तरी मोकळ्या पठारावरचा वारा आणि दरीचं दृश्य बिनपायऱ्यांचं मिळतं. जांभ्याची जमीन खडबडीत असते, त्यामुळे छोट्या चाकांच्या खुर्चीला तिथेही हादरे बसतात.

आणि चालू शकणाऱ्यांसाठी?

दृष्टी नसलेले, ऐकू न येणारे, एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) असलेले असा मिश्र गट असेल तर लोहगड चांगला. लोहगडवाडीपासून रुंद पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकामागून एक दारं येत असल्यामुळे थांबायच्या जागा आपोआप मिळतात. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर शेवाळं धरतं, तेव्हा नको.

कळसूबाई?

१६४६ मीटर उंची, वाटेवर लोखंडी शिड्या. सराव असलेल्या दृष्टिहीन गटानं कोरड्या हंगामात, एकास दोन सोबती असतील तर करावी. पहिल्या सहलीला नको. अरुणिमा सिन्हा कृत्रिम पायानं २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या, मग आमच्या मुलाला कळसूबाई का नाही, असा प्रश्न पालक विचारतात. त्यांनी बचेंद्री पाल यांच्याकडे शिस्तशीर प्रशिक्षण घेतलं होतं. एव्हरेस्टचं उदाहरण स्फूर्तीसाठी ठीक, वाट निवडायला त्याचा उपयोग नाही.

पायलट ट्रेकमध्ये काय बघायचं?

नेहमीचा पायलट ट्रेक, म्हणजे सहलीआधी आयोजकांनी केलेली पाहणी, पाणी, वाट आणि मुक्कामाची जागा बघून संपतो. इथे मोजपट्टी, एक मीटर लांबीची सरळ फळी, उतार दाखवणारं ॲप असलेला फोन आणि वही लागते. शक्य असेल तर एक रिकामी व्हीलचेअर बरोबर न्या आणि तिच्यात गटातलाच कुणी बसून पूर्ण वाट करा. कागदावर न दिसणारे अडथळे त्यात पंधरा मिनिटांत कळतात.

फळी वाटेवर ठेवून तिच्यावर फोन ठेवला की चढाचे अंश मिळतात. इमारतीतल्या रॅम्पला १:१२ म्हणजे सुमारे ५ अंश ही मर्यादा मानतात. तेवढ्यावर दंडात ताकद असलेली व्यक्ती स्वतः खुर्ची चालवते. ७ अंशांच्या पुढे मागून ढकलणारा हवा. ११-१२ अंशांवर मागे एक आणि पुढे दोरीवर दोन असे तिघे. त्याहून जास्त चढ लांबपर्यंत असेल तर ती वाट सोडा.

दाराची रुंदी मोजताना खुर्चीची रुंदी चाकांबाहेरच्या, हातानं फिरवायच्या कड्यांपासून धरा आणि बोटं खरचटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर वाढवा. दिंडी दरवाज्याचा उंबरा वहीत लिहा. पायऱ्यांची संख्या लिहून भागत नाही, उंची लिहा. गडावरच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. वीतभर उंचीच्या दहा पायऱ्यांनंतर गुडघाभर उंचीची एक येते आणि कुबडीवरचा माणूस तिथेच अडकतो.

सावली कुठे आहे, ती सकाळी अकराला असते की दुपारी दोनला, फोनला रेंज कुठे मिळते, कुठल्या जागेपर्यंत १०८ ची रुग्णवाहिका येऊ शकते, याच्या खुणा नकाशावर करा. आग्यामोहोळं कुठल्या कड्याला लटकली आहेत तेही.

स्वच्छतागृहाचं काय?

सहल बहुधा इथेच फसते. सोय नाही म्हणून सहभागी, त्यातही बायका, आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करतात. मग उन्हात चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि आयोजकांना वाटतं चढ झेपला नाही.

पायथ्याच्या हॉटेलात 'टॉयलेट आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दार किती रुंद, पायरी किती, कमोड आहे का, आत खुर्ची वळते का ते बघा. व्हीलचेअर पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती क्वचितच मिळते, म्हणून स्वतःची सोय न्या: घडीची कमोड खुर्ची, आत बसवायच्या जाड पिशव्या, लाकडाचा भुसा किंवा मांजराच्या ट्रेमधली माती, पाण्याची बाटली, साबण, हातमोजे आणि कपडे बदलायचा उभा तंबू. बाजारातला नेहमीचा तंबू चार फुटांचा असतो, त्यात खुर्ची शिरत नाही. मोठा घ्या, नाहीतर चार काठ्या आणि जाड चादरींचा आडोसा करा. पातळ साडी उन्हात आरपार दिसते.

कॅथेटरनं (मूत्राशयात घालायच्या नळीनं) लघवी काढणाऱ्यांना दर चार ते सहा तासांनी स्वच्छ, आडोशाची जागा आणि साबणानं हात धुवायला पाणी लागतं. ही वेळ वेळापत्रकात आधीच धरा, 'लागेल तेव्हा सांगा' म्हणू नका. पिशव्या बांधून खाली आणायच्या. गडावर काही पुरायचं नाही.

सोबती किती लागतात?

दृष्टिहीन व्यक्तीमागे सपाट वाटेवर एक, कड्यालगतच्या वाटेवर दोन. कुबडीवाल्यामागे एक. व्हीलचेअरमागे खडबडीत वाटेवर चार, पायऱ्या असतील तर सहा, कारण उचलणारे दमतात आणि पाळी बदलावी लागते. ऐकू न येणाऱ्यांना प्रत्येकी सोबती लागत नाही. खुणांची भाषा येणारे दोघे गटात असले तरी पुरे. शिवाय कुणालाच नेमून न दिलेले दोन जण मोकळे ठेवा. कुणी परत फिरलं तर त्याच्याबरोबर जायला हेच येतात.

वेळ नेहमीच्या अडीच पट धरा. अंधार पडायच्या दोन तास आधी सगळे गाडीत बसतील अशा बेतानं निघा.

मेडिकलच्या दुकानातली साधी व्हीलचेअर चालेल?

डांबरी रस्त्यावर आणि फरसबंदीवर चालेल. मातीत आणि दगडांत ती तीन ठिकाणी दगा देते. पहिलं म्हणजे पुढची छोटी चाकं. ती खळग्यात किंवा बोटभर दगडाला अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून खडबडीत जागी ढकलणाऱ्यानं खुर्ची मागच्या चाकांवर तिरकी करून चालवायची, किंवा मऊ वाळूत सरळ उलटी ओढायची. पावदानाला अडकवायचं मोठं पुढचं चाक मिळतं. त्यानं छोटी चाकं जमिनीपासून उचलली जातात आणि पठारावरचा प्रवास एकदम सुकर होतो. देशी बनावटीची बॅटरीवर चालणारी पुढे जोडायची यंत्रंही आता मिळतात. मद्रास आयआयटीतून पुढे आलेलं निओबोल्ट हे त्यातलं माहीत झालेलं नाव, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. कच्च्या रस्त्याला ते ठीक, पायऱ्यांना अर्थातच नाही.

दुसरं, घडीच्या खुर्चीचे स्क्रू. हादऱ्यांनी ते सैल होतात. निघण्यापूर्वी आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा, असे दोनदा आवळा. तिसरं, भरीव टायर. पंक्चर होत नाहीत, पण प्रत्येक दगडाचा धक्का थेट पाठीला देतात. हवेचे टायर बरे. मातीत हवा किंचित कमी ठेवली तर पकड वाढते. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मापाच्या दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, ॲलन चाव्यांचा संच, पान्हा, प्लॅस्टिकचे झिप टाय आणि चिकटपट्टी एका पिशवीत घ्या.

कमरेला रुंद पट्टा बांधा. पावलं पावदानावरून घसरतात आणि ज्याला पायांची जाणीव नाही त्याला ते कळत नाही. पिंढऱ्यांमागून एक मऊ पट्टा लावला की पाय खाली ओढले जात नाहीत. बूट घातलेलेच असावेत, चपला नकोत.

दोरी कुठे बांधायची?

मुख्य सांगाड्याला, दोन्ही बाजूंना, सीटच्या खालच्या नळीवर. पावदानाला आणि खुर्चीच्या हातांना कधीच नाही, ते निघून येतात. पुढे ओढणारे दोघे इंग्रजी व्हीच्या आकारात उभे राहतात, मागे उतारावर ब्रेक म्हणून तिसरी दोरी. दोरी कुणीही मनगटाला गुंडाळायची नाही. खुर्चीचे ब्रेक फक्त उभ्या खुर्चीसाठी असतात. उतारावर वेग कमी करायला ते लावले तर चाक अडून खुर्ची उलटते.

पायऱ्यांवर खुर्ची कशी न्यायची?

चढताना उलटी: पाठ वरच्या बाजूला, सगळ्यांत ताकदवान माणूस वर हँडल धरून, दोघे खाली सांगाडा धरून. मोठी चाकं प्रत्येक पायरीला टेकवत एकेक पायरी घ्यायची. उतरताना तोंड पुढे, खुर्ची मागे कललेली. हुकूम एकानंच द्यायचा, आणि तो खुर्चीत बसलेल्या माणसानं दिला तर सगळ्यांत छान, कारण तोल त्याला आधी कळतो. वीस पायऱ्यांनंतर थांबा.

पायऱ्या अरुंद किंवा तुटक्या असतील तर खुर्ची आणि माणूस वेगवेगळे न्यावे लागतात. अशा वेळी पाठीवर घेण्यापेक्षा डोली बरी. डोलीवाले कुठल्या गडावर मिळतात ते आधी विचारून घ्या, त्यांची मजुरी ठरवा आणि सीटवर सहभागीचं स्वतःचं कुशन घाला. फ्रान्समध्ये १९८७ साली तयार झालेली जोएलेट ही एकचाकी खुर्ची याच कामासाठी आहे: मधे एक चाक, पुढे-मागे दांडे, निदान दोन सराईत चालक. रुंदी कमी असल्यामुळे ती एकेरी पाऊलवाटेवरून जाते.

उचलायच्या आधी त्या व्यक्तीला विचारायचं आणि 'नको' म्हटलं तर नको. पाठीवर बसून शिखरावर जाण्यापेक्षा माचीवर स्वतःच्या चाकांवर फिरणं अनेकांना जास्त आवडतं.

मणक्याची दुखापत असलेल्यांबाबत कशाची विशेष काळजी घ्यायची?

तीन गोष्टींची, आणि त्या गटातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

पहिली त्वचा. जिथे जाणीव नाही तिथे दाबानं जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. दर १५ ते ३० मिनिटांनी दोन मिनिटं वजन हलवायचं: हातांवर उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून. गडावर गप्पांच्या नादात हे विसरतं, म्हणून सोबत्याच्या घड्याळात गजर लावा. कातळावर बसायला देऊ नका. दुपारी एक वाजता काळा दगड असा तापलेला असतो की जाणीव नसलेल्या मांडीला मिनिटांत भाजतं, आणि ते रात्री कपडे बदलताना दिसतं. गरम चहाचा पेला मांडीवर ठेवणं, बोनेटला टेकणं, शेकोटीजवळ पाय पसरणं यांतही तोच धोका.

दुसरी उष्णता. दुखापतीच्या पातळीखाली घाम येत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. मानेची दुखापत असेल तर जवळपास संपूर्ण शरीराला हा त्रास. पाण्याचा फवारा मारायची बाटली, ओला पंचा मानेवर, छत्री आणि सावलीत थांबे. नुसतं पाणी पाजून भागत नाही, बाहेरून ओलं करावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम सोडू नका. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं.

तिसरी रक्तदाबाची अचानक उसळी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर दुखापत असेल तर, खाली कुठेतरी त्रास होत असताना मेंदूला तो नीट कळत नाही आणि रक्तदाब झपाट्यानं चढतो. ठणकणारं डोकं, चेहरा लाल, वरच्या भागाला दरदरून घाम, अंगावर काटा, नाडी मंद. हे 'ऊन लागलं' समजून आडवं झोपवणं ही घातक चूक आहे. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे आणि घट्ट कपडे सैल करा, मग कारण शोधा. बहुतेक वेळा मूत्राशय भरलेलं असतं: नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. मग पोट साफ आहे का, बुटात खडा आहे का, कपड्याची जाड शिवण रुतते आहे का. कारण काढूनही काही मिनिटांत उतार पडला नाही तर लगेच १०८.

दृष्टिहीन सहभागींना वाट कशी दाखवायची?

सपाट जागी त्यांनी सोबत्याच्या कोपराच्या वर धरायचं आणि सोबत्यानं अर्धं पाऊल पुढे चालायचं. पाऊलवाट एकेरी झाली की सोबती पुढे जातो आणि मागचा माणूस त्याच्या सॅकचा वरचा पट्टा धरतो, किंवा दोघे एका काठीची दोन टोकं धरतात. काठी चांगली, कारण पुढचा माणूस पायरी चढला की काठी वर जाते आणि मागच्याला बोलण्याआधीच समजतं. मागून खांदा धरून ढकलत नेऊ नका. त्या माणसाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं.

बोलणं नेमकं हवं. 'सांभाळून', 'इकडे', 'जरा मोठी पायरी' या शब्दांनी काही कळत नाही. 'डावा पाय, वीतभर वर', 'चार बोटं खाली', 'पुढची तीन पावलं घसारा', 'डोक्यापाशी फांदी, वाका', 'दरी उजवीकडे, दोन हात लांब' असं सांगा. दरी कुठल्या बाजूला आहे ते वाट बदलली की दर वेळी सांगायचं. काठी नेहमी डोंगराच्या नव्हे, दरीच्या बाजूच्या हातात असावी, म्हणजे कड कळते.

सतत बोलून सोबत्याचा घसा बसतो आणि लक्ष उडतं. तासाभरानं सोबती बदला, पण चालता चालता नाही. थांबून, नाव सांगून. डोळ्यांना फांद्या लागू नयेत म्हणून पुढे झाप असलेली टोपी आणि साधा चष्मा घालायला द्या.

गडावर पोचल्यावर 'समोर काय सुंदर दृश्य आहे' एवढं म्हणून थांबू नका. दरवाज्यावरची कोरीव कमळं, तोफेचं तोंड, टाक्याचा गार काठ, चुन्यातली भिंत आणि कातळातली भिंत यांतला फरक हातांना कळतो. निघण्यापूर्वी शाडूच्या मातीत गडाचा उठावाचा नकाशा करून नेला तर माची, बालेकिल्ला, सोंड हे सगळं बोटांनी आधीच माहीत होतं. याला दोन तास लागतात आणि ते सत्कारणी लागतात.

अंशतः दिसणाऱ्यांना संध्याकाळ सर्वांत कठीण. काहींना तर मावळतीनंतर काहीच दिसत नाही आणि ते सांगायला लाजतात. फोनवरच्या प्रश्नांत हे विचारा.

कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम पाय?

कुबडीच्या खालची रबरी टोपी झिजलेली असेल तर ओल्या दगडावर ती साबणासारखी सरकते. नव्या दोन लावा, दोन जादा ठेवा. वजन तळहातांवर हवं; काखेत भार गेला तर मुंग्या येतात आणि हात लुळा पडू शकतो. चढताना आधी चांगला पाय, मग कमजोर पाय आणि कुबड्या; उतरताना आधी कुबड्या आणि कमजोर पाय. घसाऱ्यावर सोबती नेहमी उताराच्या बाजूला.

१९६८ साली जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेलं जयपूर फूट घोट्यात सगळ्या बाजूंना वाकतं, म्हणून उंचसखल वाटेवर ते बरं पडतं. त्रास होतो तो वर, सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्या खोळीत बसतो तिथे. घामानं मोजा ओला होतो, कातडी घासते आणि फोड येतो. मग पुढचे कित्येक दिवस पाय घालता येत नाही. दर तासाला पाय काढून, उरलेला भाग कोरडा पुसून मोजा बदलायचा. दिवसभरात तो भाग किंचित आक्रसतो आणि सॉकेट सैल होतं, म्हणून वेगवेगळ्या जाडीचे मोजे हवेत. पायाचे स्क्रू डोंगरात फिरवू नका. गुडघ्याच्या वरून पाय नसेल तर उतरण चढणीपेक्षा अवघड. आडवं होऊन, बाजूनं उतरायचं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी?

शिट्टी निरुपयोगी, हे आधी लीडरच्या डोक्यात बसवा. एकाच वेळी वाट आणि हात बघता येत नाहीत, म्हणून सूचना थांबून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहून द्या. 'थांबा', 'परत', 'पाणी', 'दुखतंय', 'दगड येतोय' यांच्या खुणा पायथ्याशी ठरवा. रात्री हेडलॅम्प समोरच्याच्या डोळ्यांत न मारता स्वतःच्या हातांवर धरा. दगड पडण्याचा आवाज येत नसल्यामुळे कड्याखालून जाताना त्यांना रांगेच्या मधोमध ठेवा. श्रवणयंत्राला घाम मारक. ओढ्याच्या आधी ते झिपच्या पिशवीत.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली मुलं येतील का?

येतील, आणि मोठ्या गटापेक्षा आठ-दहा जणांत जास्त रमतील. दिवसाचा क्रम फोटोंच्या पट्टीवर दाखवा: बस, चालणं, डबा, दरवाजा, परत बस. क्रम मधेच बदलू नका. ढोल-ताशा, घोषणा, एकदम टाळ्या नकोत. जे मूल अचानक पळतं त्याच्यासाठी कडा असलेली जागा निवडूच नका, पठार निवडा. ओळखीचा खाऊ घरूनच आणायला सांगा.

अपस्मार असेल तर?

औषध चुकलं, झोप कमी झाली, पोट रिकामं राहिलं की झटक्याची शक्यता वाढते. म्हणजे पहाटे तीनला निघणारी सहल नको. झटका आला तर कड्यापासून दूर, डोक्याखाली मऊ काही, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा. कांदा, चप्पल हुंगवणारे गटात असतातच. त्यांना बाजूला करा. पाच मिनिटांच्या वर गेला किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८.

रॅपलिंग (दोरीवरून कडा उतरणं) करता येतं का?

येतं. धडावर ताबा नसेल तर कमरेच्या हार्नेसला छातीचा हार्नेस जोडा, नाहीतर माणूस उलटा होतो. पाय मऊ पट्ट्यानं एकत्र बांधा, गुडघे आणि घोटे जाड पॅडमध्ये, कारण ते कातळावर घासलेले कळत नाहीत. मांडीच्या पट्ट्यांखाली फोम. खाली उतरवणारी दोरी भार असतानाही सोडता येईल अशी बांधलेली हवी, वेगळी बिले (पडताना धरणारी सुरक्षेची दोरी) हवी आणि शेजारच्या दोरीवर सोबती. लटकण्याचा वेळ कमी ठेवा. दृष्टिहीनांना कड्याची उंची आधी दोरीची लांबी हातांनी मोजू देऊन समजावता येते. ऐकू न येणाऱ्यांशी दोरीच्या झटक्यांनी बोला: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे अडचण.

मोहोळ उठलं तर?

गडांवर हा खरा धोका आहे आणि ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठी तर मोठाच. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. प्रत्येक व्हीलचेअरच्या मागच्या खिशात एक जाड चादर असू द्या. माश्या उठल्या तर बसलेल्या माणसाला चादरीत पूर्ण झाकायचं, सोबत्यानंही तिच्यात शिरायचं आणि हलायचं नाही. खुर्ची घेऊन उतारावर धावू नका.

समुद्रावर आणि पाण्यात?

वाळूत साधी खुर्ची रुतते. फुगीर टायरची बीच व्हीलचेअर लागते. ती तरंगते, म्हणून दोघांनी धरून गुडघाभर पाण्यापलीकडे नेऊ नये. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्यापर्यंत लाकडी मार्ग झाला आणि पुढच्याच महिन्यात चक्रीवादळानं त्याचं नुकसान केलं. कोकणात अशी वाट करायची तर लाटांच्या रेषेपर्यंत कायमचं बांधकाम करण्यापेक्षा गुंडाळता येणाऱ्या चटया बऱ्या. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाल्यापासून या सोयींची चर्चा तरी वाढली आहे.

पोहण्याबाबत महाराष्ट्राला शंका घ्यायचं कारण नाही. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले.

कयाकमध्ये कुणालाही बांधायचं नाही, पट्टा नाही, दोरी नाही. पाठीला आधार फोमचे तुकडे रचून द्या. लाइफ जॅकेट घालून आधी उथळ पाण्यात तरंगवून बघा; पाय हलके असतील तर ते वर येतात आणि तोंड खाली जाऊ शकतं. अपस्मार असलेल्यासाठी हात पोचेल एवढ्या अंतरावर एक माणूस, पूर्ण वेळ.

जोडसायकल?

दृष्टिहीनांसाठी उत्तम. पुढच्याकडे हँडल, ब्रेक, गिअर. मागच्याकडे फक्त पॅडल. पुढच्यानं 'सुरू', 'थांब', 'खड्डा', 'गिअर' असं बोलत राहायचं. दोघांच्या वजनामुळे घाट उतरताना ब्रेक तापतात. सतत दाबून न ठेवता दाबा-सोडा आणि मधे थांबा. सराव रिकाम्या मैदानात, वळणं आणि थांबणं यांचा.

संमतिपत्रावर सही कोणाची?

प्रौढ व्यक्तीची स्वतःची. दृष्टी नाही म्हणून वडिलांची सही मागू नका. मजकूर वाचून दाखवा किंवा फोनवर वाचता येईल असा पाठवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानली जाते आणि त्याच कायद्याची कलमं २९ आणि ३० मनोरंजन आणि क्रीडेतल्या सहभागाबद्दल आहेत. कायद्यानं पालक नेमलेला असेल तिथे त्यांची सही.

फोटो?

विचारून. उचलून नेतानाचे, कॅथेटर दिसणारे, घसरलेले फोटो गटावर टाकू नका. फलकावर प्रायोजकाचं नाव मोठं आणि सहभागी त्याखाली रांगेत, असला फोटो टाळता आला तर टाळाच.

घरी पोचल्यावर काही उरतं का?

बरंच. त्याच रात्री त्वचा तपासायची: बसायची जागा, टाचा, घोटे, सॉकेटची जागा. आरशानं किंवा घरच्यांकडून. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या भागावर दाब देणं बंद आणि डॉक्टरांना दाखवणं. खुर्चीच्या चाकांतली माती ओल्या फडक्यानं, बेअरिंगमध्ये पाण्याचा जोर न मारता काढायची. पुढच्या चाकांच्या आसात अडकलेलं गवत आणि केस चिमट्यानं ओढून काढायचे. दुसऱ्या दिवशी सोबत्यानं फोन करून ताप, लघवीची जळजळ, खांदेदुखी याबद्दल विचारायचं आणि पायलट ट्रेकच्या वहीत पायरीची उंची किंवा वेळ कुठे चुकली ते लिहायचं.